नाथसागरात बोट उचलत नाही? आधी पंख्याचं पिच बघा

समुद्रकिनाऱ्यावरच्या डीलरकडून ओबीएम (बोटीच्या मागच्या फळीला लावायचं आउटबोर्ड मशीन) आणलं की सोबत आलेला पंखा (प्रोपेलर) तसाच शाफ्टवर चढवला जातो. रिकामी बोट छान पळते. मग सहा माणसं, जाळी आणि बर्फाची पेटी चढली की नाक वर करून ती पाणी ढकलत राहते. मशीन घरघरतं आणि पेट्रोल भराभर पितं. 'मशीन कमजोर निघालं' असं म्हणून लोक प्लग, कार्ब्युरेटर उघडत बसतात. मशीन उघडण्याआधी पंख्यावरचे आकडे वाचा.

पंख्यावर ११ × १३ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसं पंखा एका फेऱ्यात पाण्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते त्याचं पिच. पिच जास्त म्हणजे वरचा गिअर. काळ्या रानात पलटी नांगर लावून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकला तर इंजिन जसं दबतं, तसंच जास्त पिचच्या पंख्याने बोटीचं मशीन दबतं.

दबलंय का, हे कानाने ठरवू नका, आरपीएम (मिनिटाचे फेरे) दाखवणारा टॅकोमीटर लावा. प्रत्येक मशीनच्या पुस्तकात पूर्ण रेसवरची आरपीएमची हद्द दिलेली असते. उदाहरणार्थ ५०००–६०००. पूर्ण लोड, पूर्ण रेस आणि सपाट पाणी असताना काटा या हद्दीच्या मधोमध किंवा थोडा वर यायला हवा. खाली राहिला तर सिलिंडरवर ताण येतो, कार्बन साचतो, पिस्टन तापतात. हद्दीच्या वर गेला तर मशीन जास्त फिरून झिजतं किंवा रेव्ह लिमिटर लागून रेस तुटत राहते. मला विचाराल तर जास्त पिचचा तोटा मोठा, कारण तो लवकर कळत नाही. जास्त फिरणारं मशीन निदान ओरडून सांगतं.

आता आपल्या पाण्याचा हिशेब. नाथसागर (पैठणचा जायकवाडी जलाशय) भरला की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ४६४ मीटर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्राकाठापेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी असतो. त्यात मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार. १५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा आणखी ८–९ टक्के विरळ. टर्बो नसलेल्या मशीनला तेवढी हवा कमी मिळते आणि ताकद घटते. कागदावरचे ४० हॉर्सपॉवर इथे दुपारी ४० राहत नाहीत. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, त्यामुळे बोट जरा खोल बसते. हा फरक छोटा आहे, पण तोही विरुद्ध बाजूनेच काम करतो. म्हणून किनाऱ्यावर बरोबर बसलेला पंखा इथे बहुतेकदा एखादा इंच जास्त ठरतो. चाचणीही त्याच दुपारी घ्यायची. डिसेंबरच्या सकाळी घेतलेली चाचणी मेमध्ये खोटी पडते.

चाचणी अशी. टाकी भरलेली, नेहमीची माणसं बसलेली, सामान जागच्या जागी. जीपीएसवर वेग बघत एकदा वाऱ्यासोबत आणि एकदा वाऱ्याविरुद्ध पूर्ण रेसने जायचं, दोन्हींची सरासरी धरायची. पिच एक इंच कमी केलं की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. समजा १३ पिचवर काटा ४९०० ला अडकला आणि तुम्हाला ५५०० हवेत. ६०० चा फरक म्हणजे तीन इंच. तेव्हा १० पिचचा पंखा बघायचा. मात्र तो लावून रिकामी बोटही पळवा. काटा ६००० च्या पुढे जात असेल तर ११ वर थांबा. कधी दोन माणसं आणि कधी आठ, अशी बोट असेल, पूर बचावाची असेल, तर पिच आठ माणसांना धरूनच निवडा आणि रिकामी असताना रेस आवरा.

घसरणही काढून ठेवा, म्हणजे पिचप्रमाणे बोट जेवढी पळायला हवी त्यापेक्षा ती किती टक्के कमी पळते ते. सूत्र सोपं आहे: आरपीएमला गिअर रेशोने (मशीनच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, त्या आकड्याने) भागा, आलेल्या आकड्याला पिचने आणि मग ०.००१५२४ ने गुणा. उत्तर म्हणजे पिचप्रमाणे यायला हवा तो वेग, तासी किलोमीटरमध्ये. ५५०० आरपीएम, रेशो २ आणि पिच १० असेल तर जवळपास ४२ किलोमीटर. जीपीएस ३४ दाखवत असेल तर घसरण १९ टक्के, म्हणजे ठीक. पाण्यावर उठून पळणाऱ्या हलक्या बोटीत १० ते २० टक्के चालते. जड, पाणी कापत जाणाऱ्या नावेत ३०–४० टक्केही दिसते. हलक्या बोटीत ३० आली तर पंखा वाकलाय, मशीन फार वर बसलंय किंवा हब (पंख्याचा रबर बसवलेला मधला भाग) घसरतोय.

व्यासाला सहसा हात लावावा लागत नाही, तो गिअरकेसप्रमाणे (पंख्याचा शाफ्ट फिरवणाऱ्या गिअरच्या खालच्या पेटीप्रमाणे) ठरलेला असतो. जड नावेसाठी मात्र मशीन घेतानाच गिअर रेशो विचारा. हाय-थ्रस्ट मशीनचा रेशो मोठा असतो. ते मोठा पंखा हळू फिरवतं आणि ओझं ओढतं.

ॲल्युमिनियम की स्टील? आपल्याकडे ॲल्युमिनियम, यात मला शंका नाही. पाणी उतरायला लागलं की खडक, झाडांचे बुंधे, बुडालेल्या गावांचे जोते वर येतात. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि धक्का तिथेच जिरतो. स्टीलचं पातं तोच धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोचवतं. पातं स्वस्त, गिअरकेस महाग. पाती तीन पुरेत. भरल्या बोटीला हळू वेगात धरून ठेवायला चार पात्यांचा पंखा बरा, थोडा वरचा वेग जातो.

बसवण्यात सगळ्यात जास्त चूक उंचीची होते. बोटीची मागची फळी १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० असेल तर लाँग. तळाला सरळ पट्टी लावून मागे न्या. पंख्यावरची आडवी कॅव्हिटेशन प्लेट पट्टीच्या रेषेत किंवा फार तर एक इंच खाली हवी. वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि बोट थांबते. याला लोक कॅव्हिटेशन म्हणतात, पण हे हवा शिरणं आहे. खरं कॅव्हिटेशन म्हणजे दाब फार उतरल्याने पात्यावर पाण्याचेच बुडबुडे होऊन फुटणं. त्याने पात्यावर खड्डे पडतात. प्लेट फार खाली गेली तर ओढ वाढते. मशीनचा कोन पिनेने बदलतो: फार आत घेतलं तर नाक पाण्यात रुततं, फार बाहेर काढलं तर बोट उड्या मारते. मधल्या भोकापासून सुरुवात करा.

पाणी आत ओढून मागे फेकणाऱ्या जेट ड्राइव्हला उघडा पंखा नाही म्हणून तो मोहात पाडतो. पण गोदावरीत जलपर्णी आली की त्याची जाळी आधी तुंबते, ताकदही बरीच जाते. मशीन बोटीच्या आत असलेला इनबोर्ड शाफ्ट उथळ पाण्यात उचलता येत नाही. उथळ फुगवट्यात लाँगटेल (लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेलं मशीन) उपयोगी, वेग नको असेल तर. बाकी सगळीकडे ओबीएमच. जलपर्णी गुंडाळली गेली तर रेस सोडून न्यूट्रल, मग क्षणभर रिव्हर्स. कूलिंगच्या पाण्याची पिचकारी बंद दिसली की मशीन लगेच बंद.

पंखा बदलताना किल स्विचची (मशीन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, प्लगच्या वायरी सोडा, गिअर न्यूट्रलला. प्लेट आणि पात्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, स्प्लिट पिन सरळ करून नट खोला. पंख्यामागचा थ्रस्ट वॉशर कुठल्या बाजूने होता ते बघून ठेवा; तो उलटा बसला तर हब गिअरकेसला घासतो. शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला असतोच, तो पूर्ण काढा. तो सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑईल दुधासारखं होतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) वॉटरप्रूफ ग्रीस लावा आणि नवी स्प्लिट पिन घाला, जुनी परत वाकवू नका. एक खूणही करून घ्या: हबच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत पेंटची एक सरळ रेघ. मशीन फिरतंय आणि बोट हलत नाही असं झालं की रेघ बघायची. ती तुटून दोन जागी दिसली तर आतलं रबर सुटलंय.

जस्ताचा ॲनोड (मशीनच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) गोड्या पाण्यात थर धरून निकामी होतो. इथे मॅग्नेशियमचा लावा. बोटीतल्या डब्यात एक जादा पंखा, नट, थ्रस्ट वॉशर, चार स्प्लिट पिना, पाना, पक्कड आणि तो लाकडी ठोकळा असू द्या. छोट्या मशीनला शिअर पिन (धक्का बसला की स्वतः तुटून गिअर वाचवणारी) असेल तर त्याही अर्धा डझन. जागेवर खिळा ठोकून भागवू नका. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो.