सोनेरी केलिसाच्या मुळाशी

मलेशियात राहूनही सोनेरी अरोवानाकडे मी वळले ती ठाण्याच्या काकांमुळे. त्यांच्या टाकीत चंदेरी अरोवाना मासा आहे. "हा मूळचा अ‍ॅमेझॉनचा गं. अस्सल सोनेरी तुमच्याकडचा. कुठल्या पाण्यातला, ते बघून ये," असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

इथे त्याला केलिसा म्हणतात. मोठे खवले आणि हनुवटीवरच्या दोन मिशा यांमुळे चिनी लोक त्याला ड्रॅगनच मानतात. ज्याच्या खवल्यांचं सोनं पाठ ओलांडून पलीकडे भिडतं तो 'क्रॉसबॅक'. त्याचं मूळ गाव विचारलं की सगळे मलेशियाच्या पेराक राज्यातल्या बुकित मेराहचं नाव घेतात.

मी बटरवर्थची गाडी पकडली. तैपिंग मागे पडलं आणि थोड्या वेळाने रूळ चक्क तळ्याच्या पाण्यावरून जाऊ लागले. माझ्या मनात रानातलं आदिम सरोवर होतं. हे मात्र १९०६ साली क्रियान भागातल्या भातशेतीसाठी नदी अडवून केलेलं धरण! मासा त्याच्याही आधीचा, इथल्या नद्यांचा आणि दलदलीचा.

जवळच्या एका मत्स्यशेतीवर गेले. आपल्याकडच्या शेततळ्यांसारखी मातीची तळी, भोवती कुंपण. तिथल्या एका गृहस्थांनी सांगितलं, की पूर्वी केलिसा जाळ्यात आला तर लोक घरी नेऊन खात. पुढे शौकिनांची मागणी वाढली आणि नद्या रिकाम्या होत गेल्या. याची वीणही थोडी. अंडी आणि पिल्लं नर तोंडात सांभाळतो, जवळपास दोन महिने. हे ऐकून मी तळ्याकडे बघतच राहिले. इतक्या जिवापाड जपणाऱ्या बापालाच आपण पकडत होतो. १९७५ पासून 'साइट्स' या दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने रानातल्या माशाच्या देशोदेशींच्या व्यापारावर बंदी आहे. नोंदणीकृत शेतीतलाच मासा विकता येतो, तोही अंगात मायक्रोचिप आणि सोबत दाखला असेल तर.

पण माझा शोध धरणापाशी थांबला नाही. घरी येऊन वाचत बसले तेव्हा कुमाझावा आणि निशिदा या जपानी संशोधकांचं २००० सालचं काम सापडलं. डीएनएवरून त्यांनी मांडलं, की आशियाई आणि ऑस्ट्रेलियन अरोवाना सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. हा गोड्या पाण्यातला मासा समुद्र पोहून येणं अवघड. मग तो आशियात आला कसा? त्यांचा तर्क असा, की गोंडवना या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडापासून सुटून उत्तरेकडे सरकणाऱ्या भारताच्या भूमीवरून! बिकानेरजवळ पलाना इथल्या खडकांत याच कुळातल्या माशांचे अवशेष मिळालेही आहेत. तर्क खरा असेल, तर सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता तेव्हा याचे पूर्वज त्याच भूमीवरच्या गोड्या पाण्यात होते.

रात्री काकांना फोन लावला. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडूनच गेला की तो. बिकानेरला कधी जायचं?"