ड्युटी संपली तरी कमरेला पिस्तूल

मागच्या उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीत शेजाऱ्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, बॅकयार्डमध्ये पोरांचा नुसता गोंधळ चाललेला, माझा सात वर्षांचा मुलगा पळता पळता त्या शेजाऱ्यालाच जाऊन धडकला आणि त्याचा शर्ट जरा वर गेला तेव्हा मला कमरेला पिस्तूल दिसलं. तो बाजूच्या टाऊनमध्ये पोलीस आहे हे मला माहीत होतं. पण सुट्टीच्या दिवशी, ग्रिलवर बर्गर भाजताना, वीस-पंचवीस पोरांच्या मधे भरलेलं पिस्तूल? पुढचे दोन तास माझं जेवणात लक्षच नव्हतं.

मला हे जास्त लागलं कारण मी स्वतः पोलिसाचा मुलगा, पोलीस लाईनीत वाढलेला. आमचे अण्णा हेड कॉन्स्टेबल होते. ड्युटी संपली की रायफल जमा करायची, राऊंड मोजून द्यायचे, वहीत सही करायची आणि मगच घरी. घरी यायची ती टोपी, पट्टा आणि काठी. एकदा मोजणीत एक राऊंड कमी भरला तर रात्रभर कुणालाच सोडलं नाही, पहाटे कळलं की लिहिण्यातच चूक झाली होती. एका गोळीचा एवढा हिशोब बघितलेल्या माणसाला हत्यार घरी नेणं, वाढदिवसाला नेणं हे पचत नाही हो.

इथे मात्र चक्क कायदा आहे. 2004 साली बुश यांच्या सहीने केंद्राचा एक कायदा आला, सगळे त्याला लिओसा म्हणतात. त्यामुळे ओळखपत्र असलेला पोलीस ड्युटीवर नसतानाही कुठल्याही राज्यात लपवलेलं पिस्तूल घेऊन फिरू शकतो, आणि किमान दहा वर्षं नोकरी करून चांगल्या रीतीने निवृत्त झालेलासुद्धा, फक्त निवृत्ताला दर बारा महिन्यांनी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. दारू प्यायलेली चालत नाही. पुढे जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा जुना नियम रद्द केला, घराबाहेर बंदूक बाळगायला खास कारण दाखवा असं आता सरकार सामान्य माणसालाही म्हणू शकत नाही. म्हणजे दुकानात पुढे उभा असलेला माणूस पोलीस आहे, परवानाधारक आहे का अजून कोण, हे बघून काहीच कळत नाही.

आणि माझी भीती नेमकी तिथेच आहे. पोलिसाला बंदूक चालवता येते का यात मला शंका नाही, समोरच्याला तो पोलीस आहे हे कळणार कसं याची भीती वाटते.

28 मे 2009 ची गोष्ट सांगतो. ओमार एडवर्ड्स, न्यूयॉर्कचा पंचवीस वर्षांचा पोलीस, नुकतीच ड्युटी संपवून साध्या कपड्यात ईस्ट हार्लेममध्ये आपल्या गाडीकडे आला तर एक जण गाडी फोडत होता, हा पिस्तूल काढून त्याच्या मागे धावला, तेवढ्यात साध्या वेशातल्या पोलिसांची गाडी तिथे आली, त्यांना दिसलं ते काय, तर हातात पिस्तूल घेऊन पळणारा एक काळा तरुण. त्यांनी ओरडून थांबायला सांगितलं, तो वळला, आणि वळताना पिस्तूल हातातच होतं. आपल्याच खात्याच्या गोळीने गेला तो. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. वर्दी असती तर कदाचित कुणी गोळी झाडलीच नसती, आणि तो गोरा असता तर काय झालं असतं हा प्रश्न तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी विचारला, मलाही तो टाळता येत नाही.

सामान्य माणसाचंही तेच. 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडा गावात एकाने पोलिसाला ठार केलं, तेव्हा जॉनी हर्ली नावाच्या माणसाने स्वतःच्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला पाडलं आणि त्याची रायफल उचलून घेतली, आणि धावत आलेल्या पोलिसाने रायफलवाला माणूस बघून हर्लीलाच गोळी घातली. लोकांचे जीव वाचवले त्याने आणि स्वतः पोलिसाच्या गोळीने मेला.

कॅलिफोर्नियातल्या कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानातली घटना तर मला अजून झोपू देत नाही. जून 2019, सुट्टीवरचा लॉस एंजेलिसचा पोलीस, कडेवर स्वतःचं लहान मूल, रांगेत मागून एका मतिमंद तरुणाने अचानक मारलं, आणि याने दहा गोळ्या झाडल्या. तो बत्तीस वर्षांचा मुलगा गेला, त्याचे आईवडील दोघेही गंभीर जखमी. त्यांच्याकडे कुणाकडेच हत्यार नव्हतं. पिस्तूल नसतं तर काय झालं असतं? आरडाओरडा, फार तर धक्काबुक्की.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा विषय निघाला की कुणीतरी ओंबळेंचं नाव काढतंच. पण तुकाराम ओंबळे त्या रात्री गिरगाव चौपाटीवर ड्युटीवर होते, हातात फक्त लाठी होती आणि त्यांनी कसाबची रायफल छातीशी धरून ठेवली. ड्युटीवरच्या माणसाला नीट हत्यार द्या हे मी शंभर वेळा म्हणेन. सुट्टीच्या दिवशीच्या पिस्तुलाशी त्याचा काय संबंध?

तरी दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. फेब्रुवारी 2007, सॉल्ट लेक सिटीचा ट्रॉली स्क्वेअर मॉल, एका अठरा वर्षांच्या पोराने पाच जणांना मारलं, तिथे दुसऱ्या गावचा पोलीस केन हॅमंड गरोदर बायकोबरोबर जेवायला आला होता. त्याने एकट्याने त्या पोराला गुंतवून ठेवलं, कुमक येईपर्यंत. त्याच्याकडे पिस्तूल नसतं तर आकडा पाचवर थांबला असता असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. त्याची बायको स्वतः पोलीस कंट्रोलला काम करायची, तिने लगेच 911 ला फोन लावला होता.

वाढदिवसानंतर आठवड्याने मी शेजाऱ्याशी बोललोच. आधी अण्णांना फोनवर सांगितलं होतं, ते एवढंच म्हणाले, "रात्री कुठं ठेवतो ते विचार त्याला." विचारलं. तिजोरीत, बोटाच्या ठशाने उघडते. मग तो आपणहूनच म्हणाला की मॉलमध्ये काही झालं तर मी आधी पोरांना घेऊन बाहेर पडणार, पिस्तूल अगदीच शेवटी, आणि काढावंच लागलं तर बायकोने माझ्यापासून लांब जायचं आणि 911 ला सगळ्यात आधी माझे कपडे सांगायचे, अमुक रंगाचा शर्ट घातलेला माझा नवरा आहे, तो पोलीस आहे, त्याला मारू नका. ते दोघं घरातून निघताना रोज एकमेकांचे कपडे नीट बघून घेतात म्हणे.

आता त्यांच्याकडे गेलो की माझी नजर आधी त्याच्या शर्टच्या रंगावर जाते.