कोलंबो ते जाफना: युद्धानंतरच्या उत्तर श्रीलंकेत

श्रीलंका म्हटलं की आपली मंडळी कँडी, नुवारा एलिया, गॉल करून परततात. उत्तरेला फारसं कुणी फिरकत नाही. जायचंच असेल तर कोलंबो फोर्टहून ‘याळ देवी’ गाडी पकडा. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, दिवसाचा बराच भाग गाडीतच जातो, पण जाणाऱ्याने विमानाच्या नादी लागू नये. 1990 साली श्रीलंका सरकार आणि एलटीटीई (वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना) यांच्या युद्धात ही गाडी बंद पडली आणि पुढे रूळ-स्लीपर उखडून बंकरांसाठी वापरले गेले. भारताने दिलेल्या कर्जातून इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वेबांधणी कंपनीने नवा मार्ग टाकला आणि 13 ऑक्टोबर 2014 ला गाडी पुन्हा जाफन्यात शिरली. आरक्षण आधीच करा. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरच्या वेळांवर जाऊ नका.

आम्ही किलिनोच्चीला उतरलो. एलटीटीईची ही एकेकाळची राजधानी. गावाच्या मध्यात सरकारचं विजयस्मारक आहे: भला मोठा काँक्रीटचा ठोकळा, त्यात घुसलेला तोफगोळा, भेगाळलेली भिंत आणि वर उमललेलं कमळ. ज्या गावाने युद्ध हरलं त्याच्याच छाताडावर हे उभं करणाऱ्याला सलोखा म्हणजे काय वाटत असेल, हा प्रश्न मला पडला. रिक्षावाले अण्णा मात्र तिकडे बघतही नव्हते.

त्यांनीच ओळखीच्या एका अक्कांचं घर दाखवलं. भारताच्या 50,000 घरांच्या योजनेतलं. ठेकेदार नाही, पैसे हप्त्याहप्त्याने थेट खात्यात आणि बांधकाम ज्याचं त्याने करून घ्यायचं. त्यामुळे एकाच छापाच्या सरकारी चाळी दिसत नाहीत. अक्कांनी चूल घराबाहेर ताडाच्या झावळ्यांखाली हलवली होती, धुराने नव्या भिंती काळ्या होतात म्हणून. चहा झाल्यावर त्यांनी मुलाचा पासपोर्ट साइझ फोटो दाखवला. 2009 च्या मे महिन्यात, युद्ध संपताना, तो लष्कराच्या ताब्यात गेला, पुढचं काही माहीत नाही. इथे बेपत्तांच्या आया 2017 पासून धरणं धरून आहेत. जिनिव्हात 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने युद्धातल्या अत्याचारांच्या जबाबदारीबद्दल ठराव केला, श्रीलंका त्याची सहप्रायोजक होती, आणि 2020 मध्ये नव्या सरकारने अंग काढून घेतलं. घर, रूळ, रस्ता बाहेरच्यांना देता येतं. ‘माझा मुलगा कुठे गेला’ याचं उत्तर कोलंबोकडेच आहे, आणि तिथे बाहेरच्यांचं फार चालत नाही.

पुढे एलिफंट पास ओलांडल्यावर मुहमालैचा पट्टा लागतो. वर्षानुवर्षं इथे दोन्ही बाजूंच्या आघाड्या समोरासमोर होत्या, त्यामुळे सुरुंग ठासून भरलेले. परदेशी मदतीवर चालणाऱ्या हॅलो ट्रस्टसारख्या संस्था वर्षानुवर्षं ते काढायचं काम करत आल्या. काम करणाऱ्यांत स्थानिक बायका बऱ्याच, काहींचे नवरे युद्धात गेलेले. हातातली खुरपी आणि इंच-इंच जमीन. लाल कवटीचा फलक दिसला की फोटोसाठीसुद्धा रस्ता सोडू नका.

जाफन्यात पहिल्यांदा वाचनालय. 1981 साली पोलीस आणि गुंडांनी ते जाळलं तेव्हा 97,000 च्या आसपास ग्रंथ आणि ताडपत्रं गेली. आता पांढरीशुभ्र इमारत पुन्हा उभी आहे, दारात सरस्वती. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि पर्यटकांना ठराविक वेळेतच आत सोडतात, चौकशी करून जा.

आता आपल्या लोकांसाठी जरा नाजूक मुद्दा. इथे भारतीय म्हटलं की स्वागत होतं, पण आपण इथे निव्वळ मदतनीस नाही. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेना आली आणि काही महिन्यांत एलटीटीईशीच लढू लागली. त्या ऑक्टोबरमध्ये जाफना रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. भारतीय लष्कराने चकमकीचं कारण दिलं, गावाने ते मानलं नाही. आपल्याही बाजूला सुमारे 1,200 जवान गेले. त्यांत मुंबईत जन्मलेले, 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले. कोलंबोजवळ बट्टारमुल्ला इथे शांतिसेनेचं स्मारक आहे, तिथे जरूर जा. जाफन्यात मात्र शौर्यकथा सांगत बसू नका. गेस्ट हाउसच्या काकांनी विषय काढला तेव्हा मी फक्त ऐकत बसलो.

मूर स्ट्रीट या जाफन्यातल्या मुस्लिम वस्तीतही चक्कर मारा. ऑक्टोबर 1990 मध्ये एलटीटीईने जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत शहर सोडायला लावलं. अनेक कुटुंबं पुत्तलमला गेली आणि तिथेच राहिली, परतलेले थोडेच. बहुतेक चर्चा सिंहली-तमिळ यातच अडकते, मदतीच्या योजनांतही हे लोक मागे पडले. पडकी घरं अजून दिसतात.

बाकी काही गोष्टी. नल्लूरच्या मंदिरात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. ऑगस्टच्या आसपास 25 दिवसांची मोठी जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं कठीण. दर्शनानंतर जवळच्या रिओत आइस्क्रीम खायची पद्धतच आहे. नैनातीवला कुरिकट्टुवान धक्क्यावरून होडी मिळते; त्या एकाच बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि बौद्धांचं नागदीप विहार आहे. होडीत उत्तरेतल्या तमिळ आज्या आणि दक्षिणेतून बसने आलेली सिंहली कुटुंबं दाटीवाटीने शेजारी बसतात. कुठल्याही परिसंवादापेक्षा हे मला जास्त खरं वाटलं.

लष्करी छावण्यांचे फोटो नकोत. 18 मे च्या सुमारास, जिथे 2009 मध्ये युद्ध संपलं त्या मुल्लिवाय्कालला, तिथे मेलेल्यांची आठवण म्हणून तांदळाची पेज वाटतात. कुणी दिली तर घ्या, कॅमेरा खिशात ठेवा. परतीला कोलंबो टाळायचं असेल तर जाफन्याहून चेन्नईला विमान आहे. कांकेसन्तुरैहून नागपट्टिनमला बोटही सुटते, पण पावसाळी वाऱ्यांत ती बंद असते, म्हणून तिच्या भरवशावर पुढचं रेल्वे तिकीट काढू नका.