फोर्कलिफ्टची इंजिन लाईट घालवायच्या आधी कोड लिहून घ्या

रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत काय किंवा मिरकरवाड्याला बंदराजवळ काय, डिझेल फोर्कलिफ्टवर इंजिनची पिवळी लाईट पेटली की ऑपरेटर पहिलं हेच बोलतो, दादा लाईट तेवढी घालवा, गाडी लोड व्हायचीय. त्याची घाई मला कळते, पण आधी कोड, म्हणजे कुठे काय बिघडलंय ते सांगणारा नंबर, बघायचाच. आणि पिवळीच्या जागी ऑइलची लाल लाईट असेल तर बोलत पण बसू नका, इंजिन लगेच बंद करा आणि डिपस्टिक काढा.

बरेच जण बॅटरीची वायर काढून ठेवतात आणि रिसेट झालं म्हणतात. बऱ्याच ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये, कोड त्याने पुसला जातच नाही, आणि पुसला गेला तरी फॉल्ट आहे तिथेच असतो, इंजिन चालू केलं की लाईट परत हजर.

आपल्याकडे मला जास्त भेटतो तो एसपीएन ११०, एफएमआय ३. एसपीएन सांगतो फॉल्ट कशात आहे, एफएमआय सांगतो कसला आहे. ११० म्हणजे कूलंट टेम्परेचर आणि ३ म्हणजे व्होल्टेज जास्त. आता व्होल्टेज जास्त वाचून लोक भलतीकडेच शोधतात, पण या सेन्सरची वायर तुटली किंवा पिनला कॉन्टॅक्ट नसला तरी ईसीएमला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि हाच कोड पडतो. म्हणून नवीन सेन्सर मागवायच्या आधी कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग, उघडा. खारी हवा, त्यात मच्छी कंपनीत रोज पाण्याचा मारा, पिना हिरव्या पडलेल्या असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पॉलिश पेपर अजिबात नको, वरचं प्लेटिंग गेलं की पिन अजून लवकर गंजते.

पिना स्वच्छ आहेत आणि कोड तसाच आहे, तर मशीनचं वायरिंग डायग्राम बघून चावी ऑन ठेवा आणि सेन्सरपासून काढलेल्या कपलरच्या वायरिंगकडच्या दोन पिना जंपर वायरने जोडा. एफएमआय ३ चा ४, म्हणजे व्होल्टेज कमी, झाला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर गेलाय. काहीच बदललं नाही तर वायर मध्ये कुठेतरी तुटलीय, मल्टिमीटर घेऊन हार्नेसच्या, म्हणजे वायरच्या जुडग्याच्या, मागे मागे जायचं, जिथे हार्नेस बॉडीला घासतो तिथे आधी बघा.

काम झालं की इंजिन चालवा. बऱ्याच मशीनमध्ये फॉल्ट गेला की लाईट आपोआप विझते आणि कोड फक्त हिस्ट्रीत राहतो, तो स्कॅनरने किंवा डिस्प्लेच्या सर्व्हिस मेनूतून क्लिअर करायचा, पण तारीख आणि तास मीटरचं रीडिंग वहीत टाकूनच. तोच कोड परत आला तर ती वहीच कामाला येते, पुढच्या शिफ्टच्या मेकॅनिकला काय काय करून झालंय ते लगेच कळतं.

पावसाळ्यात एसपीएन ९७ दिसला तर वायरिंगच्या नादाला लागायच्या आधी वॉटर सेपरेटर ड्रेन करा, डिझेलमध्ये पाणी आलेलं असतं. आणि मशीन धुताना प्रेशरचा पाइप ईसीएमवर, कपलरवर मारू नका रे, ही गोष्ट मी प्रत्येक कंपनीत सांगतो.