श्वासाचा वेग मेंदूतलं रक्त कसं ठरवतं: एका चाचणीचा माझा अनुभव

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना एक आलेख मी फळ्यावर वारंवार काढते: रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वासोच्छ्वास वाढतो. त्यामुळे मेंदूचा रक्तप्रवाह आणि श्वास यांच्या नात्यावरच्या एका प्रयोगासाठी निरोगी स्वयंसेवक हवेत असं कळताच मी नाव दिलं. तो आलेख मला स्वतःच्या छातीत अनुभवायचा होता.

आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद, व्यायाम नाही, मग रक्तदाब आणि ईसीजी. खरा वेळ गेला तो कानशिलावर. तिथलं हाड पातळ असतं. डॉप्लरचा, म्हणजे अतिध्वनी लहरी सोडणाऱ्या यंत्राचा, प्रोब जेल लावून त्यावर टेकवायचा आणि मेंदूची मधली धमनी सापडेपर्यंत केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे सरकवत राहायचं. बराच वेळ नुसती खरखर, आणि मग एकदम ठोक्याठोक्याला ‘हुश्श, हुश्श’. पडद्यावर वेग दिसला, सेकंदाला ६० सेंटिमीटर. डॉप्लर रक्ताचा वेग मोजतो, प्रवाह नाही. धमनीची रुंदी फारशी बदलत नाही असं धरून वेगावरून प्रवाहाचा अंदाज बांधतात. प्रोब पट्ट्याने डोक्याला आवळला, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. “सहन झालं नाही तर हात वर करा, लगेच थांबवू,” संशोधक मॅडम म्हणाल्या. त्या शेवटपर्यंत शेजारीच उभ्या होत्या.

आधी मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ४० मिलिमीटर पाऱ्यावरून २२ वर आला आणि धमनीतला वेग ३६ वर. ओठांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, समोरचे आकडे लांब गेल्यासारखे वाटले. ऑक्सिजन भरपूर होता, पण वाहिन्या आकसून तो पोहोचवणारं रक्तच आटलं होतं. ‘आता थांबा’ म्हटल्यावर पुढचा श्वास घ्यावासाच वाटेना. घाबरल्यावर भराभर श्वास घेणाऱ्या माणसाला गरगरतं ते का, हे यापुढे मला पुस्तकात पाहावं लागणार नाही.

थोड्या विश्रांतीनंतर ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी सगळा ऑक्सिजन. ऑक्सिजन एवढा अशासाठी की गळ्यातल्या कॅरोटिड पिंडांचा, म्हणजे रक्तातल्या वायूंवर नजर ठेवणाऱ्या संवेदकांचा, आवाज दबावा आणि मेंदूतल्या संवेदकांचाच तेवढा ऐकू यावा. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ४७ वर गेला, धमनीतला वेग ७८ वर, आणि मिनिटाला ७ लिटर चाललेला श्वास १८ लिटरवर. छाती आपोआप उचलली जात होती. गुदमरल्यासारखं झालं नाही, पण श्वासावर आपली सत्ता नाही हे लख्ख कळत होतं.

पुढच्या खेपेला आधी एक गोळी दिली. काही जणांना नुसती पिठाची, काही जणांना इंडोमेथासिन. मला इंडोमेथासिन मिळाली होती, हे सगळं संपल्यावर कळलं. इंडोमेथासिन हे वेदनाशामक औषध मेंदूचा रक्तप्रवाह कमी करतं आणि कार्बन डायऑक्साइडला रक्तवाहिन्या जो प्रतिसाद देतात तोही मंदावतं. वायू तोच, आकडाही तोच, ४७. धमनीतला वेग मात्र कसाबसा ५० ला टेकला, आणि श्वास मिनिटाला २४ लिटरवर गेला! या वेळी धाप खरोखर लागली. नळी दातांत घट्ट धरून ठेवावी लागली.

या फरकानेच मला हलवलं. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत बसलेले संवेदक धमनीतलं रक्त मोजत नाहीत. ते स्वतःभोवतीच्या ऊतींतली आम्लता मोजतात. कार्बन डायऑक्साइड रक्तातून तिथे सहज पाझरतो, पाण्याशी मिळून आम्ल बनवतो. पण मेंदूच्या पेशीही तो सतत तयार करत असतात आणि तो वाहून नेण्याचं काम रक्ताचं. रक्तातला वायू वाढला की मेंदूतल्या बारीक वाहिन्या रुंदावतात, प्रवाह वाढतो, ऊती धुतल्या जातात आणि संवेदकांपर्यंत पोहोचणारा धक्का सौम्य होतो. वाहिन्या रुंदावल्या नाहीत तर तोच वायू जास्त टोचतो. म्हणजे माझ्या फळ्यावरच्या रेषेचा चढ रक्तप्रवाहही ठरवतो. पिशवीतली हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची रीड या संशोधकाची १९६७ची पद्धतही मॅडमनी समजावली. त्यात रक्त आणि मेंदूची ऊती यांतल्या कार्बन डायऑक्साइडचा फरक जवळजवळ मिटतो, म्हणून प्रवाहाची ढवळाढवळ कमी होते. ही पद्धत आणि माझ्यावर वापरलेली पद्धत यांची उत्तरं जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

निघताना मी झोपेबद्दल विचारलं. हृदय कमकुवत झालेल्या काही रुग्णांचा श्वास झोपेत चढत जातो, मग ओसरत ओसरत थांबतो, पुन्हा सुरू होतो. ज्यांना हा त्रास असतो, त्यांच्या मेंदूच्या वाहिन्या कार्बन डायऑक्साइडला मंद प्रतिसाद देतात असं आढळलंय, असं त्या म्हणाल्या. सौम्य करणारा प्रवाहच नसेल तर वायू जरा वाढला की श्वास गरजेपेक्षा जास्त उसळतो, त्यात वायू फार उतरतो आणि श्वास थांबतो. मेंदूचा रक्तप्रवाह सुधारून हे चक्र मोडता येईल का, यावर आम्ही दारातच उभ्या राहून कितीतरी वेळ बोलत होतो.