सँडहर्स्ट रोड लेआउट, अपडेट 6: प्रिंटर सुटला, टेबल अडलं

मंडळी, घरच्या टेबलावर मी सँडहर्स्ट रोड स्टेशनचं छोटं रेल्वे मॉडेल, म्हणजे लेआउट, करतेय. मागच्या वेळी मी खुशीत लिहिलं होतं की थ्रीडी प्रिंटरचा तिढा सुटेल असं वाटतंय. सुटला! मेन लाइनच्या वरून जाणाऱ्या हार्बर लाइनच्या पुलाचे खांब, ओव्हरहेडचे (विजेच्या तारांचे) पोल आणि स्टेशनची इमारत हे सगळं आठवडा 2-3 मध्ये एकदम प्रिंटला लागलं होतं. 42 अधिक 18 अधिक 20, म्हणजे 80 तास, आणि माझ्या हातात 48, कारण प्रिंटर फक्त शनिवार, रविवार आणि बुधवारच्या वर्क फ्रॉम होमला चालतो, रात्री हॉलमध्ये सासूबाई झोपतात. खांबांना फ्लोट (शेवटची तारीख न हलवता काम पुढे सरकवायची मोकळीक) शून्य म्हणून ते जागेवर ठेवले, बाकी दोन्ही 4-5 मध्ये सरकवले, त्यांना तेवढी मोकळीक होतीच, त्यामुळे 9 आठवड्यांचा हिशोब हलला नाही. सहा दिवस, सहा बॅच, 24 खांब आणि प्रिंट होताना एकाचाही पाय वाकून उचलला नाही! पावसाळ्यात फिलामेंट तांदळाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवलं त्याचा हा गुण, महागडा ड्रायर घेऊ नका. खांब रांगेत लावून मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आता दुखणं सांगते.

खालच्या मेन लाइनचं बॅलास्ट (रुळांखालची खडी) पुलाखाली येतं, वर डेक (पुलाचा वरचा पाट) बसला की हात पोचत नाही, म्हणून ते आठवडा 3 मध्येच उरकायचं ठरवलं होतं. बुधवारी संध्याकाळी फेव्हिकॉल पातळ करून, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडला. उन्हाळ्यात रात्रभरात वाळतं. आत्ताच्या हवेत गुरुवारी रात्रीही बोट लावलं तर चिकटत होतं, आणि टेबल एकच, त्यावरच आम्ही जेवतो. दोन दिवस सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले, कोणी काही बोललं नाही, पण मलाच राहवेना, म्हणून शुक्रवारी बोर्ड उचलून भिंतीला उभा केला. सकाळी बघते तर अर्धवट ओलं बॅलास्ट घसरून पॉइंटच्या (गाडीचा रूळ बदलायच्या सांध्याच्या) ब्लेडमध्ये जाऊन घट्ट बसलेलं. कोमट पाणी, ब्रश आणि सुई घेऊन एकेक खडा काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ब्लेड आता हलते, पण डावीकडे अजून जरा अडकते.

ऑफिसमध्ये मी एमएस प्रोजेक्ट ह्या कामांचं वेळापत्रक लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल ऑल दाबते (एकाच माणसावर किंवा यंत्रावर एकदम आलेली कामं ते पुढे सरकवतं, तेच लेव्हलिंग), एखादं काम हलवायचं नसेल तर त्याला 1000 प्रायॉरिटी देते, आणि ते सगळं नीट लावून देतं. पण लावतं ते फक्त आपण रिसोर्स म्हणून लिहिलेल्या गोष्टींचं. घरच्या कॅल्कच्या शीटमध्ये मी स्वतःला लिहिलं, प्रिंटरला लिहिलं, टेबलाला लिहिलंच नाही. वाळत असताना माणूस मोकळा असतो पण टेबल अडकलेलं असतं, आणि प्रिंट बॅचमध्ये तोडता येते तसं वाळणं तोडता येत नाही, एकदा सुरू झालं की सलग तीन दिवस. टेबलाचा कॉलम घालून पुन्हा मांडलं तर 9 चे 12 आठवडे झाले. आणि आठवडा 10 ला त्याच कोपऱ्यात आमचा गणपती बसतो! म्हणजे तारीख पुढे ढकलून लेव्हलिंग करायची सोयच नाही, जे काय करायचं ते फ्लोटच्या आत.

पहिला विचार होता पोल गाळायचा. पण 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती ह्याच हार्बर लाइनवर, ओव्हरहेडशिवाय हे स्टेशन मला करायचंच नाही. मग भिंतीला दोन अँगल ठोकून बोर्ड आडवाच वर ठेवायचा, असं काल रात्रीपर्यंत नक्की होतं, लोहार चाळीतून अँगल आणणारही होते.

पण हे टाइप करता करता वेगळंच सुचलं. डेक चिकटवायचाच कशाला? 120 सेंटीमीटरचा डेक 40-40 च्या तीन तुकड्यांत सुटा ठेवला तर खालचं बॅलास्ट आधीच झालं पाहिजे ही अटच जाते! डेक कधीही उचलायचा आणि खाली हात घालायचा. वरचं बॅलास्टही तुकड्यातुकड्याने कपाटावर वाळेल, टेबल अडणार नाही, आणि आठवडा 9 चं काम रंगाच्या जोडीने आधी सुरू करता येईल. अंदाजाने 10 च्या आत बसतंय, आज रात्री शीटमध्ये घालून बघते. अँगल रद्द.

अडचण एकच, जोडावर रूळ तंतोतंत जुळायला हवेत आणि दर तुकड्याला वेगळी फीड (रुळांना वीज द्यायची जोडणी) लागेल. वायर आहे. जुळवायला पितळी पिना घालू की लोहचुंबक? ज्यांनी सुटा डेक केलाय त्यांनी बुधवारच्या आत सांगा, बुधवारी पहिला तुकडा कापतेय.