प्रिंट रूमचं दार

आमच्या कॉलेजात प्रिंट रूम आहे, हे मला पहिल्या वर्षाच्या सातव्या महिन्यात कळलं. तेही योगायोगाने. लायब्ररीच्या मागच्या जिन्याने खाली उतरत होते, एका दारामागून यंत्राची घरघर ऐकू आली म्हणून डोकावले. आत एक लांबलचक प्लॉटर (रोलच्या कागदावर मोठी पोस्टरं छापणारं यंत्र), दोन लेझर प्रिंटर, कागदांनी भरलेली मांडणी, आणि टेबलावर वाकून कुणाच्या तरी पोस्टरची कड कापणारे काका. दारावर पाटी नव्हती. तोवर माझी तीन सबमिशन्स मी बाहेरून छापून आणली होती, तिन्ही आदल्या रात्री, आणि तिन्हींचे रंग भलतेच आले होते.

त्या दिवशी पेनड्राइव्ह बरोबर होता. काकांनी फाइल उघडली आणि विचारलं, "हा निळा असाच हवाय तुला?" मी हो म्हटलं. त्यांनी एक प्रत काढून हातात दिली. स्क्रीनवरचा झळझळीत निळा कागदावर जांभळट आणि मळका उतरला होता. मी हिरमुसले. त्यांनी शांतपणे समजावलं. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र करून रंग दाखवते. प्रिंटरकडे प्रकाश नाही, त्याच्याकडे सायन (आकाशीसारखा निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळा आणि काळा एवढेच आहेत. स्क्रीनवरचे काही रंग त्या चौघांतून बनतच नाहीत. निळ्यात मॅजेंटा जास्त पडला की तो जांभळ्याकडे झुकतो.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरलेले नाही. त्याच निळ्याचे सहा चौकोन एका पानावर मांडले, प्रत्येक चौकोनात मॅजेंटा आधीच्यापेक्षा थोडा कमी, आणि मला जो कागद वापरायचा होता त्याच कागदावर छापले. म्हणाले, "यातला निवड. स्क्रीनकडे बघू नकोस." मी पाचवा निवडला. तो कागद अजून माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

छपाई म्हणजे काम संपल्यावरची पोचवापोचव, असं मी तोवर समजत होते. त्या सहा चौकोनांनी ते बदललं. रंग कोणता, अक्षर किती बारीक, कागद कसा, हे कागद हातात असतानाच ठरवायचं असतं. पहिल्या वर्षातले सात महिने मी ते स्क्रीनवर ठरवत बसले, केवळ त्या दारापर्यंत कुणी नेलं नाही म्हणून. आता मी चौथ्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षं नव्या मुलामुलींना त्या दारातून आत न्यायचं काम करते आहे. ते जमायला मला बराच वेळ लागला.

सुरुवातीला वाटलं, माहिती दिली की झालं. मी एक सुबक नोटीस बनवली: प्रिंट रूम कुठे, वेळ काय, कोणती यंत्रं, कोणते कागद. स्टुडिओच्या दाराशी लावली. दोन आठवडे वाट पाहिली, पहिल्या वर्षाचं कुणी फिरकलं नाही. मग ओरिएंटेशनच्या दिवशी सरांकडून पंधरा मिनिटं मागून घेतली आणि स्लाइड्स दाखवल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी त्यांना हॉस्टेल, ओळखपत्र, वेळापत्रक, लायब्ररी असं इतकं काही सांगितलं होतं की माझं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

शेवटी मी स्टुडिओत जाऊन बसले आणि एकेकाला विचारलं. एक मुलगी म्हणाली, "ताई, आम्हाला वाटलं ते शेवटच्या वर्षासाठी आहे." दुसऱ्याला वाटत होतं की आधी लेखी परवानगी लागते. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: यंत्र बिघडलं तर? आणि आपण काहीतरी चुकीचं विचारलं आणि काका रागावले तर? एक मुलगा दारापर्यंत जाऊन परत आला होता. आत चार सीनियर उभे दिसले, म्हणून. माहिती त्याच्याजवळ होती, माझी नोटीस त्याने शब्दन् शब्द वाचली होती.

तेव्हा बेत बदलला. पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येकाने स्वतःची एक फाइल आणायची, कशीही चालेल, आणि खाली जाऊन स्वतःच्या हाताने एक तरी पान छापायचं. मी बटण दाबणार नाही. हे सत्र मुद्दाम दुसऱ्या आठवड्यात ठेवलं, सबमिशनचं वारंही नसताना. काकांशी आधी बोलून घेतलं होतं. ते म्हणाले, "आण गं, पण जॅम कसा काढायचा तेही शिकव. नाहीतर कागद ओढून फाडतात आणि तुकडा आतच राहतो." म्हणून पहिल्याच सत्रात झाकण उघडून कागद कुठून कुठे जातो ते दाखवायला लागले. टोनर ही बारीक पूड असते, ती कागदावर चिकटते ती तापलेल्या रोलरमुळे. तो भाग हाताने चाचपायचा नाही, आणि इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत कागद किंवा साधं प्लास्टिक लेझरमध्ये घालायचं नाही, कारण त्यावरचा थर वितळून रोलरला चिकटतो. यंत्र खरोखर बिघडवणाऱ्या गोष्टी इतक्या मोजक्या आहेत हे कळलं की मुलांचे खांदे सैल होतात. मोठ्या कटरची गोष्ट वेगळी. त्याला काका शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

त्या सत्रांसाठी मी एक चाचणीपान बनवलं. साधं ए४. त्यावर केसाएवढ्या रेषेपासून एक पॉइंटपर्यंतच्या रेषा, करड्या रंगाच्या पायऱ्या, एकच फोटो ७२, १५० आणि ३०० पीपीआयने (एका इंचात इतके पिक्सेल), आणि देवनागरीतला एकच मजकूर पाच पॉइंटपासून बारा पॉइंटपर्यंत. एकदा पांढऱ्यावर काळा, एकदा काळ्यावर पांढरा. आणि काळाही दोन प्रकारचा: एक फक्त काळ्या टोनरचा, दुसरा चारही रंग एकावर एक चढवून केलेला.

या पानावरची एक ओळ मुलं सगळ्यात जास्त वेळ बघतात. चाररंगी काळ्यावर सहा पॉइंटात पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "चिंच आंबट आहे". चारपैकी एक रंग जरी किंचित सरकला तरी त्या बारीक पांढऱ्या जागेत कडेचा रंग घुसतो. शिरोरेषा जेमतेम टिकते, पण अनुस्वार बुजतो, आणि कागदावर उरतं "चिच आबट आहे". खालीच तीच ओळ फक्त काळ्या टोनरवर आहे, तिथे दोन्ही अनुस्वार जागच्या जागी. रोमन अक्षरांवर शिकवणाऱ्या धड्यांत हे सापडत नाही, कारण त्यांच्याकडे अनुस्वार नाही, रफार नाही. आपल्या लिपीत वर आणि खाली किती नाजूक काम चालतं ते छापून बघितल्याशिवाय कळत नाही. मी हे पान प्रत्येकाला दोन कागदांवर छापायला लावते, एकदा ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदावर आणि एकदा जाड कोटेड, म्हणजे गुळगुळीत थर दिलेल्या कागदावर. साध्या कागदावर तोच काळा मवाळ दिसतो, फोटो निस्तेज वाटतो. दोन्ही शेजारी ठेवले की मग समजावत बसावं लागत नाही.

फाइलींचा घोळ मात्र दर गटात होतो. एका मुलाने त्याच्या पोस्टरची मूळ फाइलच आणली, पीडीएफ नाही. प्रिंट रूमच्या संगणकावर त्याचा फॉन्ट नव्हता. "विद्यार्थी" उघडला तो सगळे हलंत सुटे होऊन, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटून. तो घाबरला, त्याला वाटलं फाइलच खराब झाली. फाइल ठीक होती, फक्त जोडाक्षरं जुळवणारा फॉन्ट तिथे नव्हता. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आणली की अक्षरं जशी आपण मांडली तशीच येतात. आणि आपल्याच संगणकावर जोडाक्षरं तुटत असतील तर आधी वर्ल्ड-रेडी कंपोझर (अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्या जुळवणारी सेटिंग) चालू आहे का ते बघावं, त्याशिवाय काही सॉफ्टवेअरं देवनागरी नीट जुळवत नाहीत.

ब्लीडचं, म्हणजे कापायच्या कडेबाहेर ठेवलेल्या जास्तीच्या रंगाचं, सांगायला फार वेळ लागत नाही. लेझर प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, चार-पाच मिलिमीटर पांढरी पट्टी राहते. रंग कडेपर्यंत हवा असेल तर मोठ्या कागदावर छापून कापायचं, आणि कापताना सुरी जरा सरकली तरी पांढरी रेघ दिसू नये म्हणून चारी बाजूंनी तीन मिलिमीटर रंग जास्तीचा ठेवायचा. म्हणूनच एसआरए३ हा कागद असतो, ३२० बाय ४५० मिलिमीटर, ए३ पेक्षा थोडा मोठा.

पुस्तिकांवर मात्र मी रेंगाळते, कारण तिथे रडू येईपर्यंत मुलं चुकतात. मी आधी त्यांना यंत्रापासून लांब, टेबलाशी बसवते. चार कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे आणि पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाकायचे. मग उलगडायचे. एकाच कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ शेजारी, मागे २ आणि १५. चेहरे बघण्यासारखे होतात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत का लागतात, ते आता सांगायची गरज उरत नाही. १४ पानं आणलेली मुलगी स्वतःच म्हणते, "म्हणजे मला दोन पानं अजून सुचवायला हवीत." दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा हे एकदा तरी चुकतं आणि मागची पानं उलटी येतात. म्हणून आधी डमी (नमुना) म्हणून पुस्तिकेचा एकच कागद छापून बघायचा, सगळी पुस्तिका नाही.

घडीचा धडा काकांचा. ते जाड कागदाचा एक तुकडा घेतात, एकदा उभा दुमडतात, एकदा आडवा. एक घडी सरळ आणि गुळगुळीत पडते. दुसरीकडे कागद कुरकुरतो, आणि त्यावर गडद छपाई असेल तर घडीवर टोनर तडकून पांढरी खपलीदार रेघ उमटते. कागदात तंतू एका दिशेने झुकलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. घडी त्याच दिशेने घालायची, आणि कागद जाड असला तर आधी बोथट हत्याराने रेघ दाबून घ्यायची. मग ते दोन्ही तुकडे मुलांच्या हातात देतात. त्यानंतर कागद उचलला की मुलं आधी तो हलकेच वाकवून बघतात. मला ते बघायला फार आवडतं.

प्लॉटरवर काकांचा आणखी एक आग्रह असतो. आमचा रोल ३६ इंची, म्हणजे ९१४ मिलिमीटर रुंद. ए१ पोस्टर ५९४ बाय ८४१. उभं टाकलं तर रोलमधून ८४१ मिलिमीटर कागद जातो आणि बाजूची मोठी पट्टी वाया जाते. आडवं टाकलं तर ५९४ मध्ये भागतं. पोस्टर तेच, कागद २४७ मिलिमीटर कमी. नवी मुलं हे पटकन उचलतात, सीनियरांना अजून सांगावं लागतं.

रिसोग्राफ, म्हणजे एकेक रंग वेगळा छापून भराभर प्रती काढणारं यंत्र, आमच्याकडे उशिरा आला आणि मी त्याच्या प्रेमात आहे, पण पहिल्या सत्रात त्याला हात लावू देत नाही. त्यात प्रत्येक रंगाचं वेगळं ड्रम आणि वेगळा मास्टर (ज्यातून शाई उतरते ती स्टेन्सिल) लागतो, म्हणून फाइलही रंगागणिक वेगळी, करड्या छटांत बनवावी लागते. एका प्रतीसाठी मास्टर बनवणं म्हणजे नासाडी, पन्नास प्रती काढायच्या असतील तर शोभतं. शिवाय शाई तेलाची, कोटेड कागदावर ती बसत नाही आणि बोटाला लागते. ज्याला साध्या छपाईचा हात बसलाय त्याला महिन्याभराने मी आपणहून बोलावते.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या) आधीचे दोन दिवस अजूनही रांग जिन्यापर्यंत येते. प्रिंट रूम संध्याकाळी लवकर बंद होते, आणि ती दोन तास जास्त उघडी ठेवावी म्हणून आम्ही तीनदा अर्ज दिला, उत्तर आलेलं नाही. काका एकटेच आहेत, त्यांच्या जोडीला कुणी नको का? पण दारावर आता पाटी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनीच बनवली, देवनागरीत, आणि अनुस्वार बुजणार नाही एवढ्या जाड अक्षरात.

गेल्या आठवड्यात मी माझ्या कामासाठी खाली गेले तेव्हा दारापासून परत फिरलेला तो मुलगा काकांच्या शेजारी उभा होता. ज्युरीला अजून अकरा दिवस होते. त्याच्या पोस्टरमधला केशरी कागदावर विटकरी येत होता. काकांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "थांब जरा, याचे चौकोन काढतोय." मी थांबले. मुलाने ओला नसलेला कागदही जपून दोन्ही हातांनी उचलला, खिडकीपाशी नेला, आणि बराच वेळ बघून दुसऱ्या चौकोनावर पेन्सिलीने खूण केली.